दोन राउटर जोडताना आत कोण, बाहेर कोण?

घरातली बेभरवशाची उपकरणं लॅपटॉपपासून वेगळी ठेवायला बरेच जण दोन राउटर लावतात. केबलचं आधी उरकून घेऊ. पहिल्या, म्हणजे इंटरनेटची लाइन येते त्या राउटरच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमधून निघालेली वायर दुसऱ्याच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टमध्ये गेली पाहिजे. ती लॅनमध्ये खोचलीत तर दुसरा राउटर नुसता स्विच, म्हणजे उपकरणं एकत्र जोडणारा डबा होतो. त्यातून त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) चालू राहिला, तर एकाच नेटवर्कवर दोघं पत्ते वाटत बसतात आणि काही उपकरणांचं इंटरनेट विनाकारण बंद पडतं. दोघांचे सबनेटही (पत्त्यांचे गट) वेगळे हवेत: एकाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, दुसऱ्याचे १९२.१६८.२ ने. जोडणी म्हणाल तर एवढीच.

खरा प्रश्न पुढे आहे. कुणाला कुठे बसवायचं? बरेच जण कॅमेरे, स्मार्ट बल्ब, टीव्ही अशी बेभरवशाची मंडळी दुसऱ्या राउटरवर टाकतात आणि लॅपटॉप पहिल्यावरच ठेवतात. वेगळं केलं, झालं! माझ्या मते हे नेमकं उलटं आहे.

दुसरा राउटर काय करतो बघा. आतल्या उपकरणाने बाहेर संपर्क साधला की त्याची नोंद ठेवतो आणि त्या नोंदीला जुळणारं उत्तर आत सोडतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर नोंद सापडत नाही, पॅकेट (डेटाचा तुकडा) तिथेच टाकून दिलं जातं. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र तो विचारतही नाही. आणि त्याच्या लेखी पहिल्या राउटरचं अख्खं नेटवर्क ‘बाहेर’च असतं. म्हणजे कॅमेरा आत बसवलात, तर तो तुमच्या लॅपटॉपपर्यंत खुशाल पोचतो आणि तुम्हाला मात्र तो कॅमेरा गाठता येत नाही! २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले होते, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. म्हणून कॅमेरे पहिल्या राउटरवर, लॅपटॉप दुसऱ्याच्या आत.

यातही एक भोक राहतं. लॅपटॉपची सगळी वाहतूक पहिल्या नेटवर्कमधूनच बाहेर पडते. तिथलं बिघडलेलं उपकरण एआरपीची (कोणता पत्ता कुठल्या उपकरणाचा, हे विचारण्याच्या पद्धतीची) खोटी उत्तरं देऊन स्वतःच गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा, असल्याचं भासवू शकतं आणि ती वाहतूक आपल्याकडे वळवू शकतं. एचटीटीपीएसमुळे (वेबसाइटशी होणाऱ्या कूटबद्ध संवादामुळे) मजकूर वाचता येणार नाही, पण तुम्ही कुठे जाता याचा माग लागतो. हेही नको असेल तर तिसरा राउटर घ्या: पुढे एक, त्यावर एकही उपकरण नाही, आणि त्याच्या मागे शेजारी शेजारी दोन. मग कुठल्याच बाजूला दुसऱ्या बाजूवर आपणहून जाता येत नाही.

त्रासही आहेच. नॅट, म्हणजे वर सांगितलेली नोंद ठेवून पत्ते बदलण्याची क्रिया, दोनदा होतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला आतल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवणं) दोन्ही राउटरांवर करावं लागतं आणि काही ऑनलाइन गेम कुरकुरतात. पहिल्या राउटरवरचा टीव्ही दुसऱ्या राउटरवरच्या फोनमधल्या यादीत दिसेनासा होतो, कारण शोधाशोधीचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारे) संदेश राउटर ओलांडत नाहीत. प्रिंटर मात्र बाहेर ठेवून थेट आयपी पत्त्याने जोडला की बहुधा चालतो.

तुमच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायची) सोय असेल तर आधी तीच वापरून पाहा, बऱ्याच घरांना तेवढं पुरतं. आणि दोन राउटर लावलेच, तर आयपीव्ही६ची (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) सेटिंग उघडून बघा. तिथे सहसा नॅट नसतो, सगळी भिस्त फायरवॉलवर (नको ती वाहतूक अडवणाऱ्या सोयीवर) असते. दुसऱ्या राउटरची ती फायरवॉल चालू हवी, नाहीतर त्याच्यावरचं आयपीव्ही६ बंद ठेवा.