सड्यावरची दिपकाडी

मे महिन्यात राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, दुपारी उभं राहून दाखवा. चपलेतूनही कातळ भाजतो. नजर जाईल तिथवर काळा दगड आणि करपलेलं गवत. हा सडा सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा म्हणून लागलेला असतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

आता हाच सडा मिरगानंतर पाहा. कातळाच्या खोलगट भागांत माती साचलेली असते, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. त्या मातीत छोटासा कांदा आठ-आठ महिने झोपून असतो. दोन-चार चांगल्या सरी झाल्या की त्याला गवतासारखी अरुंद पानं फुटतात, मधून सरळ दांडा वर येतो, आणि त्यावर मोजकीच पांढरीशुभ्र, लांब नळीची फुलं लागतात. सहा पाकळ्या, टोकं बाहेर वळलेली. हीच दिपकाडी. शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकनेन्से. निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1850 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. कोकण आणि त्याला लागून असलेला पट्टा सोडला तर ती जगात कुठेही नाही.

फुलं थोडेच दिवस टिकतात. मग तीन कप्प्यांची बोंडं धरतात, ती उकलली की आतून काळं, चपटं बी पडतं. दांडा गुराच्या तोंडी लागला तर त्या वर्षाचं बी गेलंच.

दिपकाडी किती उरली आहे, हे सांगणं वाटतं तेवढं सोपं नाही. सड्यावर दोरीनं मीटर-मीटरचे चौकोन आखायचे आणि आतली रोपं मोजायची, ही झाली पद्धत. पण मोजायचं काय? नुसती फुललेली मोजली तर हिशेब फसतो. कांद्यात पुरेसा साठा झाल्याशिवाय फूल येत नाही, त्यामुळे कोवळी रोपं गवतात गवत होऊन राहतात. आणि खरी मेख तिथेच आहे. एखाद्या सड्यावर शेकडो फुलं डोलत असतील, पण खाली बियांपासून उगवलेली पोरं दिसत नसतील, तर ते म्हाताऱ्यांचं गाव समजायचं. आज भरलेलं, उद्या ओस. म्हणून फुललेली, नुसती पानांवर असलेली आणि यंदाच रुजलेली रोपं वेगवेगळी मोजावी लागतात, तीही त्याच चौकोनात, वर्षानुवर्षं.

दुसरी अडचण जागेची. दोन सड्यांच्या मध्ये दरी, दरीत दाट झाडी, व्हाळ, भातशेती. तिथे उन्हाला हपापलेल्या या कांद्याला थारा नाही. त्यामुळे एका सड्यावरची दिपकाडी संपली, तर शेजारच्या सड्यावरून ती आपोआप येईल ही आशा फार धरू नये.

आणि सडे संपताहेत. चिऱ्याची खाण सुरू करताना आधी वरचा थर खरवडून टाकतात. दिपकाडी असते ती नेमकी त्याच थरात. कलमं लावायला कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात, त्यात बाहेरची माती भरतात. त्यात रस्ते आले, प्लॉटिंग आलं. यात कुणी खलनायक नाही. कोकणातली घरं चिऱ्याचीच, आणि बहुतेक सडे खासगी मालकीचे. मालकानं पडीक जमिनीतून चार पैसे मिळवू नयेत, असं शहरात बसून सांगणं सोपं असतं.

देवाचे गोठणे गावच्या सड्यावर दिपकाडी फुलते, आणि त्याच सड्यावर कातळात कोरलेली मानवाकृतीही आहे. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चित्राभोवती कुंपण घालणं समजू शकतं, पण चित्रापुरतंच कुंपण घातलं तर बाहेरचं फूल उघड्यावरच राहतं. दोन्हींसाठी अख्खा सडा राखायला हवा. तसं करता येतं: सिंधुदुर्गात बांबर्डे इथली रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल कायद्यानं जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे.

तिथवर पोचायचं तर पहिली पायरी ग्रामपंचायतीची. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या जैवविविधतेची लोकांनी भरलेली नोंदवही हवी. दिपकाडीची नोंद करायची ती पावसात, आणि पावसात सगळा गाव लावणीच्या चिखलात. मोजणीला जाणाऱ्यांनी म्हणून आधी सड्यावर गुरं नेणाऱ्याला गाठावं आणि विचारावं, औंदा कुठल्या अंगाला फुललीय?