दोनशे ऐंशीवर थांबलेल्या गाड्या

ऑगस्ट 2002. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर आणि सिल्व्हिया, टोयोटाची सुप्रा, माझदाची आरएक्स-7. या चारही जपानी स्पोर्ट्स गाड्यांचं उत्पादन एकाच महिन्यात थांबलं. 2000 सालचे जपानी प्रदूषण नियम आता आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांनाही लागू होणार होते. ते पाळणं अशक्य नव्हतं. पण विकल्या जाणाऱ्या मूठभर गाड्यांसाठी तो खर्च करायचा कुणी?

तेरा वर्षं मागे जाऊ. 1989. जपानमध्ये जमिनीचे आणि शेअर्सचे भाव आभाळाला भिडलेले. कंपन्यांकडे पैसा खेळत होता, आणि इंजिनिअरांना नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी आलेल्या स्कायलाइन जीटी-आरच्या आर-32 पिढीचं इंजिन 2568 सीसीचं. हा तिरपागडा आकडा शर्यतीच्या नियमांतून आला. विक्रीतल्या गाड्यांवर आधारलेल्या ग्रुप ए शर्यतींत टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंनी फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या इंजिनाची क्षमता 1.7 ने गुणून धरत. गुणाकार येतो सुमारे 4366, म्हणजे साडेचार लिटरच्या आत; आणि त्या वर्गात दहा इंच रुंद टायर चालत. 1990 ते 1993 मध्ये जपानी मालिकेत ही गाडी 29 शर्यतींत उतरली आणि 29 ही जिंकली.

रस्त्यावरच्या गाडीला मात्र दोन दुखणी होती. टर्बोमधल्या टर्बाइनची चाकं सिरॅमिकची. हलकी, म्हणून चटकन फिरणारी. पण बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, एक बारच्या वर नेला की फुटायची. दुसरं, सुरुवातीच्या क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) ऑइल पंपाला फिरवणारा भाग अरुंद होता. इंजिन वारंवार रेव्ह लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, आदळलं की पंपाचे गिअर तडकत. तेलाचा दाब गेला की बेअरिंगं गेलीच म्हणून समजा.

कागदावर ताकद किती? 280 अश्वशक्ती. पुढे सुप्राची किती? 280. 1988 मध्ये जपानात रस्त्यांवरचे बळी दहा हजारांच्या वर गेले होते, म्हणून उत्पादकांनी आपसात ही मर्यादा मान्य केली. कायदा नव्हता, शब्द होता. आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवलं की बऱ्याच गाड्या तो शब्द मोडलेला दाखवत.

(पडद्यावर: रोटरी इंजिनाचा छेद)

आकडा गोठला, मग स्पर्धा ताकद कशी येते याची झाली. तिचा कळस म्हणजे 1991 ची तिसऱ्या पिढीची आरएक्स-7. पिस्टन नाहीत, त्रिकोणी दोन रोटर, प्रत्येकी 654 सीसी. आणि एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो. पहिला कमी फेऱ्यांपासून काम करतो, दुसरा मिनिटाला 4500 फेऱ्यांच्या सुमारास सामील होतो. पण तो थांबलेल्या अवस्थेत जोडला तर झटका बसेल, म्हणून त्याला आधीच थोडा एक्झॉस्ट देऊन फिरवत ठेवतात. हा सगळा खेळ व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या आणि विजेने उघडझाप करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह सांभाळतात.

नळ्या बसवल्यात कुठे, तर इंजिनाच्या भट्टीवर. काही वर्षांत त्या कडक होतात, तडे जातात. मग दुसरा टर्बो येतच नाही, किंवा बूस्ट अचानक उसळतो. उसळला आणि इंधन कमी पडलं की नॉकिंग, म्हणजे इंधनाचं आपोआप, अवेळी भडकणं. पिस्टनच्या इंजिनाला त्यातून एखाद वेळ माफी मिळते; इथे रोटरच्या टोकावरची जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, गळती रोखणारी सील तुटते. तुकडा एक्झॉस्टमधून निघताना टर्बाइनलाही ओरबाडतो. म्हणून अशी गाडी घेताना आधी रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या मोजणाऱ्या रोटरी टेस्टरवर कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) बघावं, रंग नंतर. तेल घटलेलं दिसलं तर घाबरू नये. सील ओली राहावी म्हणून हे इंजिन थोडं तेल मुद्दाम जाळतं.

ताकदीची ही कसरत परवडत होती तोवर ठीक. मग जमिनी-शेअर्सच्या भावांचा बुडबुडा फुटला. 1990 मध्ये एका डॉलरला दीडशेच्या आसपास असलेला येन एप्रिल 1995 मध्ये ऐंशीच्या खाली आला, म्हणजे येन महागला, आणि अमेरिकेत या गाड्या महाग होत गेल्या. तिथून आरएक्स-7 गेली, मग निस्सानची 300 झेडएक्स, मग सुप्रा. घरी जपानी कुटुंबं होंडा ओडिसीसारख्या मोठ्या गाड्यांकडे वळली.

राहिला धूर. रोटरीची ज्वलनाची पोकळी लांबट आणि चपटी असते. ज्वाला कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, इंधन अर्धवट जळतं. त्यात मधले दोन टर्बो उष्णता गिळतात, त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यावर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापत नाही. माझदाने पुढे एक्झॉस्टचं तोंड बाजूच्या भिंतीत नेलं, टर्बो काढले आणि 2003 मध्ये आरएक्स-8 आणली. धूर सुधारला, टर्बोची ती ढकल मात्र गेली. 280 ची मर्यादाही 2004 मध्ये उठली, आणि ती पहिल्यांदा ओलांडली होंडाच्या लेजंड या सेडानने!

(पडद्यावर: लहानशी उघडी गाडी, वळणाचा रस्ता)

1989 मध्येच माझदाने आणखी एक गाडी काढली होती. 1.6 लिटर, टर्बो नाही, 120 अश्वशक्ती, वजन जेमतेम 940 किलो. तिचं नाव रोडस्टर. एप्रिल 2016 मध्ये हिरोशिमात दहा लाखावी रोडस्टर बाहेर पडली.