अडवायचं नाही, फक्त नोंदवायचं

[दृश्य: जॉर्जिया या देशाची राजधानी तिबिलिसी, सकाळ. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली गाडी.]

२६ ऑक्टोबर २०२४. जॉर्जियाच्या संसदेच्या १५० जागांसाठी आज मतदान. केंद्र आठला उघडेल, पण हे दोघं आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक त्याआधीच हजर आहेत. दोघं दोन वेगळ्या देशांचे. सोबत स्थानिक चालक आणि दुभाषी. गळ्यात ओळखपत्र आणि हातात प्रश्नांचा लांबलचक फॉर्म. मतपेटी रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं का? सील लावलं का? केंद्रात नको ती माणसं घुटमळताहेत का?

थोडा वेळ थांबायचं, फॉर्म भरायचा, पुढचं केंद्र गाठायचं. दिवसभर हेच. रात्री आठला मतदान संपलं, की कुठल्या तरी एका केंद्रात मोजणी पुरी होईपर्यंत बसून राहायचं.

आणि डोळ्यांदेखत गैरप्रकार झाला तर? लिहून घ्यायचं. हात धरायचा नाही, सल्ला द्यायचा नाही.

आपल्याकडे ‘निवडणूक निरीक्षक’ म्हटलं की आयोगानं बाहेरच्या राज्यातून पाठवलेला सनदी अधिकारी आठवतो. बूथ बळकावल्याचं दिसलं तर मतमोजणी थांबवायला सांगण्याचा अधिकार त्याला कायद्यानं दिला आहे. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला असला कुठलाच अधिकार नसतो. तो पाहुणा. यजमान देशानं बोलावलं तरच येणार.

[दृश्य: वॉर्सा. कार्यालयाची इमारत.]

जॉर्जियातल्या या कामाचा कणा म्हणजे ओडिहर, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचं वॉर्सामधलं कार्यालय. या संघटनेच्या देशांनी १९९० मध्ये कोपनहेगनला ठरवलं, की आपापल्या निवडणुका बाहेरच्यांना पाहू द्यायच्या. पाहुण्यांचे नियमही पुढे लिहून काढले गेले. २००५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात अनेक संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय निरीक्षणाची तत्त्वं आणि निरीक्षकांची आचारसंहिता जाहीर केली.

कॅमेऱ्यात दिसतो तो मतदानाचा दिवस. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. ओवेन मर्फी यांच्या नेतृत्वाखाली ओडिहरचं पथक सप्टेंबरमध्येच तिबिलिसीत दाखल झालं. राजधानीत कायदा, प्रसारमाध्यमं, प्रचाराचा पैसा यांचे जाणकार बसले आणि ३० दीर्घकालीन निरीक्षक देशभर पांगले. सभेला सरकारी कर्मचाऱ्यांना आणून बसवलंय का, टीव्हीवर कोणाला किती वेळ मिळतोय, तक्रारींचं पुढे काय होतंय, हे त्यांनी आठवडेच्या आठवडे पाहिलं. नोकरी जाईल म्हणून घाबरलेला माणूस मतदानाच्या दिवशी रांगेत निमूट उभाच असतो. त्याची भीती त्या दिवशीच्या फॉर्ममध्ये सापडणं अवघड.

[दृश्य: मतदान केंद्र. मतपत्रिका यंत्रात सरकवणारी मतदार.]

मतदानाच्या दिवशी ओडिहरसोबत चार संसदीय मंडळांचेही निरीक्षक होते. ४२ देशांतले मिळून ५२९ जण. एका जोडीनं एका केंद्रात काय पाहिलं, याला एकट्याला फारसं वजन नसतं. देशभरातले फॉर्म एकत्र आले, की मात्र चित्र दिसू लागतं. जॉर्जियात तेच झालं. या निवडणुकीत जवळपास ९० टक्के मतदारांसाठी पहिल्यांदाच यंत्रं आली होती. मार्करनं मतपत्रिकेवर खूण करायची आणि ती यंत्रात सरकवायची. पण मार्करची शाई कागदाच्या पाठीमागे उमटत होती. काही ठिकाणी गर्दी, काही ठिकाणी पक्षांच्या माणसांचे कॅमेरे. मताची गुप्तता धोक्यात आल्याची नोंद २४ टक्के निरीक्षणांत झाली. नवं यंत्र, चकचकीत व्यवस्था आणि घोटाळा कशात, तर पेनात!

[दृश्य: पत्रकार परिषद.]

दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, प्राथमिक निवेदन आलं. त्यात ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शेरा नव्हता. ओडिहर तसा शेरा देतच नाही. मतदान साधारणपणे नीट पार पडलं, असंही त्यात होतं. वातावरण तणावाचं होतं, दबाव आणि गुप्ततेबद्दल चिंता आहे, असंही होतं. साहजिकच ज्याला जे हवं ते त्यानं उचललं. ‘जॉर्जियन ड्रीम’ या सत्ताधारी पक्षाला सुमारे ५४ टक्के मतं मिळाली होती. विरोधकांनी आणि राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिशविली यांनी निकाल मानायला नकार दिला. २८ नोव्हेंबरला युरोपीय संसदेनं फेरनिवडणुकीची मागणी केली. त्याच दिवशी पंतप्रधान इराकली कोबाखिद्झे यांनी युरोपीय संघात जाण्याची बोलणी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं सांगितलं, आणि तिबिलिसीचे रस्ते निषेध करणाऱ्या माणसांनी भरले.

ओडिहरचा अंतिम अहवाल डिसेंबरमध्ये आला, शिफारशींसह. त्या अमलात आणायच्या की नाही, हे पुन्हा यजमानाच्याच हाती.

[दृश्य: रिकामं मतदान केंद्र.]

४ ऑक्टोबर २०२५ ला जॉर्जियात स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक झाली. ओडिहरला निमंत्रण मिळालं, पण मतदानाच्या जेमतेम महिनाभर आधी. एवढ्या कमी वेळात नीट निरीक्षण करता येणार नाही, असं वॉर्साहून उत्तर गेलं. त्या निवडणुकीत ओडिहरचं पथक नव्हतं.