क्लब फुटबॉलचा विश्वविजेता ठरतो कसा?

नमस्कार. 2025 या एकाच वर्षात फिफाने दोन क्लबांच्या हाती जागतिक करंडक दिला. 13 जुलै रोजी न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 असे हरवून क्लब विश्वचषक जिंकला. 17 डिसेंबर रोजी कतारमध्ये त्याच पॅरिसच्या संघाने ब्राझीलच्या फ्लमेंगोवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून इंटरकॉन्टिनेंटल कप मिळवला. त्या शूटआउटमध्ये गोलरक्षक सफोनोव्हने चार पेनल्टी अडवल्या. दोन्ही स्पर्धा फिफाच्या आणि दोन्हींचा गाभा एकच, तो म्हणजे निरनिराळ्या खंडांच्या विजेत्या क्लबांची गाठ घालून देणे. मग खरा विश्वविजेता कोणता, असा प्रश्न आपल्याकडेही अनेकांना पडला.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. करंडक कोणी उचलला यापेक्षा, दुबळ्या समजल्या जाणाऱ्या खंडांच्या क्लबांना बलाढ्य क्लबांविरुद्ध किती सामने मिळाले, यावर अशा स्पर्धेचे मोल ठरते. या कसोटीवर 32 संघांचा नवा क्लब विश्वचषक मला दरवर्षीच्या छोट्या इंटरकॉन्टिनेंटल कपपेक्षा कितीतरी सरस वाटतो. मुंबईतील प्रेक्षकाला हे जवळून समजण्यासारखे आहे. का, ते पुढे सांगतोच. पण आधी थोडा इतिहास पाहू.

1960 मध्ये युरोपचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यात इंटरकॉन्टिनेंटल कप सुरू झाला. पहिल्या वर्षी रेयाल माद्रिद आणि उरुग्वेचा पेनारोल हे क्लब समोरासमोर आले. माँटेव्हिडिओतील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि माद्रिदमध्ये रेयालने 5-1 असा विजय मिळवला. आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका आणि ओशनिया यांना या व्यवस्थेत जागाच नव्हती. दोन खंडांच्या लढतीला जगाचे विजेतेपद म्हटले जात होते, आणि 2017 मध्ये फिफानेही त्या काळच्या सर्व विजेत्यांना विश्वविजेते म्हणून मान्यता दिली.

ही स्पर्धा अनेकदा मैदानाबाहेरच्या कारणांनी गाजली. 1967 मध्ये ग्लासगोचा सेल्टिक क्लब अर्जेंटिनात रेसिंग क्लबविरुद्ध दुसरा सामना खेळायला गेला, तेव्हा सामना सुरू होण्याआधीच प्रेक्षकांतून भिरकावलेली वस्तू गोलरक्षक रॉनी सिम्पसन यांच्या डोक्याला लागली आणि त्यांच्या जागी राखीव गोलरक्षक उतरवावा लागला. दोन्ही संघांनी एकेक सामना जिंकल्यामुळे निर्णायक लढत माँटेव्हिडिओत झाली; तीत फुटबॉलपेक्षा धक्काबुक्कीच अधिक झाली आणि रेसिंगने 1-0 असा विजय मिळवला. 1969 मध्ये एसी मिलानच्या नेस्टर कोम्बाँचे नाक अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेस क्लबच्या खेळाडूंनी फोडले, आणि त्या सामन्यातील वर्तनाबद्दल एस्तुदियांतेसच्या तीन खेळाडूंना अर्जेंटिनाच्या सरकारने तुरुंगात धाडले. याचा परिणाम असा झाला की 1971 आणि 1973 मध्ये आयाक्सने खेळण्यास नकार दिला, 1974 मध्ये बायर्न म्युनिकने अंग काढून घेतले आणि 1975 व 1978 मध्ये स्पर्धा झालीच नाही. बायर्नच्या जागी खेळलेला अॅटलेटिको माद्रिद युरोपियन कप न जिंकताच विश्वविजेता ठरला.

स्पर्धेला तारले ते जपानने. 1980 च्या स्पर्धेपासून दोन सामन्यांऐवजी त्रयस्थ भूमीवर, टोकियोत, टोयोटाच्या प्रायोजकत्वाखाली एकच सामना होऊ लागला. 1981 मध्ये झिकोच्या फ्लमेंगोने लिव्हरपूलचा 3-0 असा धुव्वा उडवला तो याच टोकियोत. दक्षिण अमेरिकेच्या क्लबांसाठी हा सामना वर्षातील सर्वांत मोठा असे. युरोपीय क्लबांचे तसे नव्हते, हे खेळातूनही जाणवत असे.

सहाही खंडांना एकत्र आणण्याचा पहिला प्रयत्न फिफाने 2000 मध्ये ब्राझीलमध्ये क्लब विश्वचषक भरवून केला. मँचेस्टर युनायटेडने त्यासाठी त्या हंगामातील एफए कपमधून माघार घेतली, आणि इंग्लंडमध्ये त्यावर बराच वाद झाला. माराकाना स्टेडियमवर कोरिन्थियन्सने वास्को द गामाला पेनल्टींवर हरवले. फिफाची व्यापारी भागीदार कंपनी बुडाल्यामुळे 2001 ची स्पर्धा रद्द झाली आणि 2005 मध्ये जपानमध्ये नव्या रूपात तिचे पुनरागमन झाले.

त्या रूपातच अन्यायाचे बीज होते. युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्यांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश आणि इतरांना आधीच्या फेऱ्यांमधून वाट काढण्याची सक्ती, अशी ती रचना होती. 2005, 2006 आणि 2012 ही वर्षे सोडली तर 2023 पर्यंत प्रत्येक वेळी युरोपचाच क्लब जिंकला. तरीही संधी मिळाली तेव्हा इतर खंडांनी ती साधली: 2010 मध्ये काँगोचा टीपी माझेम्बे, 2013 मध्ये मोरोक्कोचा राजा कासाब्लांका आणि 2016 मध्ये जपानचा काशिमा अँटलर्स हे अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. काशिमाच्या गाकू शिबासाकीने रेयाल माद्रिदविरुद्ध दोन गोल करून सामना जादा वेळेत नेला होता. शेवटी रेयालने 4-2 अशी बाजी मारली, पण त्या संध्याकाळी योकोहामात जे दिसले ते एरवी कोठेच दिसले नसते, कारण या दोन क्लबांची अधिकृत गाठ दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेत पडत नाही.

आता 2024 पासून त्याच जुन्या नावाने दरवर्षी होणारा इंटरकॉन्टिनेंटल कप पाहा. 2025 चेच उदाहरण घ्या. कैरोच्या पिरॅमिड्स क्लबने प्रथम न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीला 3-0 असे हरवले. नंतर जेद्दाला जाऊन आशियाचा विजेता अल अहली याला 3-1 असे नमवले. तिन्ही गोल फिस्टन मायेलेचे होते. पुढच्या फेरीत फ्लमेंगोने त्यांना 2-0 असे हरवले आणि त्यांची वाटचाल थांबली. आफ्रिकेचा विजेता दोन खंडांच्या विजेत्यांना मागे टाकूनही युरोपच्या क्लबासमोर उभा राहू शकला नाही. पॅरिसला मात्र फक्त अंतिम सामना खेळायचा होता. अशा स्पर्धेतून जगाचा विजेता ठरतो, हे मला मान्य करता येत नाही.

याउलट, 2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेल्या 32 संघांच्या स्पर्धेत प्रत्येक क्लबाला गटसाखळीत किमान तीन सामने मिळाले. युरोपला 12, दक्षिण अमेरिकेला 6, आशिया, आफ्रिका आणि उत्तर-मध्य अमेरिकेला प्रत्येकी 4, ओशनियाला 1 आणि यजमान देशाला 1 अशा जागा होत्या. गटसाखळीत बोटाफोगोने पॅरिसला 1-0 असे हरवले आणि फ्लमेंगोने चेल्सीवर 3-1 अशी मात केली. म्हणजे पुढे अंतिम फेरीत पोहोचलेले दोन्ही क्लब वाटेत ब्राझीलच्या क्लबांकडून हरले होते. ब्राझीलचे चारही क्लब बाद फेरीत गेले. युरोपचा विजेता थेट अंतिम फेरीत बसवला असता, तर यातील काहीही आपल्याला कळले नसते.

ऑकलंड सिटीचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. नोकऱ्या सांभाळून, रजा टाकून खेळायला आलेल्या या खेळाडूंना बायर्न म्युनिकने 10-0 असे लोळवले, तेव्हा अशा संघाला बोलावतातच कशाला, अशी टीका झाली. पण शेवटच्या सामन्यात नॅशव्हिलमध्ये, शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत असलेल्या ख्रिस्तियन ग्रेने कॉर्नरवरून हेडर मारला आणि बोका ज्युनियर्ससारख्या नामांकित क्लबाला 1-1 अशी बरोबरी पत्करावी लागली. एकाच पराभवानंतर घरी पाठवणाऱ्या जुन्या रचनेत ऑकलंडचा प्रवास त्या 10-0 वरच संपला असता.

या स्पर्धेतही दोष आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. खेळाडूंच्या संघटनांनी वाढत्या सामन्यांविरुद्ध केलेली तक्रार रास्त आहे. भर दुपारच्या उन्हात सामने ठेवणे हा तर निव्वळ टीव्हीच्या वेळापत्रकाचा हट्ट होता. एकूण बक्षीस 1 अब्ज डॉलरचे होते, पण केवळ सहभागासाठी युरोपच्या क्लबांना 1 कोटी 28 लाख ते 3 कोटी 82 लाख डॉलर, आशियाच्या क्लबांना सुमारे 95 लाख आणि ओशनियाच्या क्लबाला सुमारे 36 लाख डॉलर अशी वाटणी चेंडूला पाय लागण्याआधीच ठरलेली होती.

आता मुंबईकडे येतो. 1 जुलै 2025 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाला ऑरलँडोत मँचेस्टर सिटी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांचा सामना सुरू झाला. लोकलमध्ये मोबाइल हातात धरून अनेकांनी त्याचा जादा वेळ पाहिला असेल. 2-2 अशा बरोबरीनंतर जादा वेळेत कुलिबालीने हेडरवर गोल केला, फोडेनने बरोबरी साधली आणि 112 व्या मिनिटाला मार्कोस लिओनार्दोने अल हिलालला 4-3 असा विजय मिळवून दिला. त्याआधी याच संघाने रेयाल माद्रिदला 1-1 असे रोखले होते.

हाच अल हिलाल 6 नोव्हेंबर 2023 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसीविरुद्ध आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना खेळून गेला आहे. नेमार येणार म्हणून शहरात मोठी उत्सुकता होती, पण त्याआधी ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि तो आला नाही. रियाधमध्ये मुंबई 6-0 अशी हरली होती. नेरूळला 2-0 अशी. त्या हंगामात मुंबईने गटातील सहाही सामने गमावले. हे आकडे बोचणारे असले, तरी आपण नेमके कोठे आहोत हे त्यांनीच आपल्याला दाखवले.

त्याच्या आदल्या मोहिमेत, एप्रिल 2022 मध्ये, मुंबई सिटीने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असे हरवले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी गोल हेडरवर झाला, आणि तो करणारा राहुल भेके हा याच मुंबईचा मुलगा. सलामीच्या सामन्यात अल शबाबकडून 3-0 असा मार खाल्ल्यानंतर हा विजय आला. गटात सहा सामने होते म्हणूनच सावरायला अवसर मिळाला, आणि मुंबईने तो गट दुसऱ्या क्रमांकावर संपवला.

अमेरिकेत आशियाच्या चारपैकी तीन जागा अल हिलाल, उरावा रेड डायमंड्स आणि अल ऐन या खंडविजेत्यांना मिळाल्या, तर चौथी जागा क्रमवारीच्या आधारे उल्सानकडे गेली. म्हणजे भारतीय क्लबाला तेथे पोहोचायचे, तर आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेत वर्षानुवर्षे खेळत राहणे भाग आहे. 2024-25 पासून आशियाई महासंघाने क्लब स्पर्धांची तीन स्तरांत मांडणी केली आणि आपले क्लब ‘एलीट’ या सर्वोच्च स्तराऐवजी दुसऱ्या स्तरावर, चॅम्पियन्स लीग टूमध्ये गेले. म्हणून अल हिलालसारखा क्लब नेरूळला पुन्हा केव्हा येईल, हे आता आधी खालच्या स्तरावरील आपल्या कामगिरीवर अवलंबून आहे. त्या स्तराच्या विजेत्याला एलीटच्या पात्रता फेरीचे दार उघडते. त्यातच 2025 च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगामच व्यापारी करारावरून लांबणीवर पडला. ज्या शहराने 1891 पासून रोव्हर्स कप भरवला आणि कूपरेजवर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल पाहिला, त्या शहराच्या क्लबाला आशियाई स्पर्धेतील घरचे इतर सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले होते. मुंबईत आशियाई दर्जाचे, केवळ फुटबॉलसाठी राखलेले मोठे मैदान उभे करणे आणि लीगचा हंगाम ठरल्या वेळी, पुरेशा सामन्यांसह पार पाडणे या दोन्ही गोष्टी आपल्याच हातात आहेत, आणि त्यांची मागणी आपण प्रेक्षकांनी आतापासूनच लावून धरली पाहिजे.