चाफ्याची शेंग

येताना देवळाच्या अंगणात चाफ्याचा सडा पाहिला असेल. त्यातलं हे एक फूल मी उचलून आणलंय. पाकळ्या एकीवर एक चढून खाली निमुळत्या नळीत उतरतात. ही नळी नखाने उभी चिरली की तळाशी बारीक परागकोश दिसतात. मधाचा थेंब मात्र नाही. पिटकुळीची फुलं ओढून त्यातला मध आपण सगळ्यांनी लहानपणी चोखलाय. चाफ्यात चोखायला काहीच नाही.

तरी रात्री याच्याकडे पतंग येतात. दिव्याभोवती घिरट्या घालणारी ती चिमुकली पाखरं नव्हेत, मी हॉक मॉथबद्दल बोलतोय. जाड अंगाचे, फुलावर न बसता हवेतच थरथरत उभे राहणारे, लांब सोंड गुंडाळून ठेवणारे. फिकट रंग, खोल नळी आणि तिन्हीसांजेनंतर चढत जाणारा वास, एवढं असलं की इथे मध आहे असं ते धरून चालतात. त्यात त्यांची चूक नाही. रातराणीत मध असतो, गोव्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या पूजेला ज्या जाया, म्हणजे जाईची फुलं, वाहतात त्यांतही असतो. चाफा तसाच नटतो आणि देत काही नाही. पतंग सोंड घालतो, रिकामीच काढतो, पण ती चिकट होऊन पराग घेऊन बाहेर येते. दोन-चार फुलं चाचपून तो दुसरं झाड गाठतो. मध मिळाला असता तर याच झाडावर रेंगाळला असता आणि परागही इथल्या इथेच फिरले असते. म्हणजे चाफ्याची फसवणूक चाफ्याच्या पथ्यावरच पडते! जीवशास्त्रज्ञ विल्यम हेबर यांनी कोस्टा रिकातल्या कोरड्या जंगलात याचा अभ्यास करून १९८४ साली तो मांडला.

चाफा मूळचा तिकडचाच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. आपला काजूही अमेरिकेतून आलेला. पण चाफा इथे इतका मुरला की देवचाफा झाला, आणि चर्चच्या दफनभूमीतही तोच उभा असतो.

आपण त्याची फांदी लावतो. कुणाच्या तरी अंगणातून मोडून आणायची, चीक सुकू द्यायचा आणि मातीत खोचायची. अशा शंभर फांद्या लावल्या तरी ते एकच झाड शंभर ठिकाणी उभं असतं. पतंगाने त्यांच्यात कितीही पराग हिंडवले तरी शेंग धरायला हवे असलेले परक्या झाडाचे पराग मिळत नाहीत. आपल्याकडे शेंग धरलेला चाफा क्वचितच दिसतो, त्याचं हे मोठं कारण असावं असं मला वाटतं.

म्हणूनच गेल्या वर्षी घरामागच्या पांढऱ्या चाफ्यावर शिंगांसारखी जोडशेंग दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ खालीच उभा राहिलो. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा गुलाबी चाफा आहे. कुठल्या तरी रात्री एक पतंग तिथे फसला असणार, आणि मग इथे येऊन पुन्हा फसला असणार.

तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी दिसते, पुढे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असलेली. कृपा करून तिला चिरडू नका, फवारणीही करू नका. ती हॉक मॉथचीच अळी आहे. चार पानं खाईल, तगर पुन्हा फुटते.

ती शेंग इथे टेबलावर ठेवलीय. उकललीय, आत पंखाच्या चपट्या बिया आहेत. जाताना एकेक हातावर घेऊन बघा. फक्त पंखा बंद करू द्या, नाहीतर उडून जातील.