अर्ध्या वाटेवरचा ठिपका

मंडळी, आपल्याकडच्या जुन्या घरांतली बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी डोळ्यांपुढे आणा. सांध्यांकडे पाहिलं तर नक्षी दर फरशीला परत येते. रंगाकडे पाहिलं तर तोच रंग एक फरशी सोडून येतो. आज मांडायचा विषय, म्हणजे जाळीत मांडलेल्या सूक्ष्म चुंबकांची शिस्त क्ष-किरणांनी मोजणं, याच फरकावर उभा आहे: सांधे म्हणजे चुंबकांच्या जागा, रंग म्हणजे त्यांच्या दिशा.

हे चुंबक पर्मलॉयचे, म्हणजे सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड. २००६ साली अमेरिकेत चौकोनी जाळीत मांडलेले असे तुकडे २२० नॅनोमीटर लांब, ८० रुंद आणि २५ जाड होते. एवढ्या लांबट तुकड्याचं चुंबकत्व एकसंध असतं. बाण लांबीच्या या टोकाकडे किंवा त्या टोकाकडे. जिथे चार टोकं भेटतात तिथे दोन बाण आत, दोन बाहेर असं असलं की ऊर्जा कमी लागते. १६ मांडण्यांपैकी ६ हा नियम पाळतात, म्हणजे निव्वळ योगायोगानेही ३७.५ टक्के. त्याहून जास्त चौक नियमात सापडले, तर शेजारी एकमेकांचं ऐकतात हे ठरलं. पण किती दूरवर ऐकतात? इथे क्ष-किरण लागतात.

लोखंडाच्या ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कडेवर (ज्या ऊर्जेला लोखंड क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं), साधारण १.७५ नॅनोमीटर तरंगलांबीला, विखुरणं चुंबकत्वाला संवेदनशील होतं. नियमित जाळीतून विखुरलेले किरण कॅमेऱ्यावर ठिपके उमटवतात. जाळीचं अंतर ५०० नॅनोमीटर धरलं, तर पहिला ठिपका ०.२ अंशावर, १ मीटरवरच्या कॅमेऱ्यात ३.५ मिलिमीटरवर पडतो. हा जागांचा ठिपका. दिशा फरशीच्या रंगांसारख्या आलटून-पालटून लागल्या, तर कर्णाच्या अर्ध्या वाटेवर, २.५ मिलिमीटरवर, नवा ठिपका उमटतो. तो जागांमुळे येऊच शकत नाही, म्हणून तो सापडला की आनंद खरा असतो.

तो सापडत नाही याचं नेहमीचं कारण सांगतो. हे मऊ क्ष-किरण जाड सिलिकॉनमध्ये शोषले जातात, म्हणून आरपार मोजणीसाठी नमुना सिलिकॉन नायट्राइडच्या सुमारे १०० नॅनोमीटरच्या पडद्यावर करावा लागतो, आणि सगळं निर्वातात. एवढं करून नमुना किरणासमोर सरळ उभा केला की सगळंच फसतं. कारण किरणाच्या दिशेतला बाणाचा भागच दिसतो, आणि आपले बाण पृष्ठभागातच आडवे. नमुना ३०-४५ अंश कलवा. कलवल्यावरही, कलण्याच्या अक्षाला समांतर असलेले तुकडे अदृश्यच राहतात. त्यांच्यासाठी नमुना त्याच्या पृष्ठभागात ९० अंश फिरवून दुसरी मोजणी घ्यावी लागते. थेट किरण अडवायला समोर छोटा धातूचा अडसर ठेवा, नाहीतर कॅमेरा कायमचा जळेल.

आता ठिपक्याची रुंदी, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. सलग शिस्त २० घरांपर्यंत, म्हणजे १० मायक्रोमीटर असेल, तर ठिपका त्या ३.५ मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा रुंद, जवळपास ०.१८ मिलिमीटर. शिस्त लवकर मोडली तर तो पसरतो. पण किरणाची सुसंगती, म्हणजे त्याच्या लाटा जेवढ्या रुंदीत एकमेकींशी ताल राखतात ते अंतर, ५ मायक्रोमीटरच असेल, तर कुठलाच ठिपका ०.३५ मिलिमीटरहून बारीक होणार नाही, आणि आपण यंत्राची मर्यादा चुंबकांच्या माथी मारू. म्हणून शेजारचा जागांचा ठिपका मोजावा. जाळी निर्दोष असते, त्यामुळे त्याची रुंदी यंत्राची. चुंबकीय ठिपका त्याहून जितका जास्त पसरट, तितकी शिस्त तोकडी.

मग किरणांची ऊर्जा ७०० इलेक्ट्रॉनव्होल्टवर न्या: चुंबकीय ठिपका विझला पाहिजे, जागांचा राहिला पाहिजे. तसं झालं नाही, तर जे दिसलं ते चुंबकीय नव्हतंच.

शेवटचं, आपल्या हवेसाठी खास. पावसाळ्यात पर्मलॉय उघडा ठेवला की वरचा थर ऑक्साइड होतो, आणि मग शोषणाच्या आलेखात ७०७ च्या शिखराजवळ गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीतल्या हेमटाइट या लोहखनिजासारखं दुभंगलेलं शिखर दिसू लागतं. २-३ नॅनोमीटर ॲल्युमिनियमचा थर, निर्वात न मोडता, त्याच बैठकीत चढवा.