मशीनला कळता कामा नये

गेलं वर्षभर मी माझ्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, एकच फीचर घालतोय. रिवाइंड. खेळता खेळता खड्ड्यात पडलात, की एक कळ दाबायची आणि दहा सेकंद मागे जायचं. मला वाटलं होतं, दोन सुट्ट्यांचं काम आहे. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यातल्या काहींनी एम्युलेटर लिहिलेला दिसतोय.

बाकीच्यांसाठी मशीनची ओळख करून देतो. स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, मोठ्या मॉडेलात ४८ केबी रॅम आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. टीव्हीवर सेकंदाला साधारण ५० फ्रेम उमटतात. एका फ्रेममध्ये प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके पडतात, त्यांना आम्ही टी-स्टेट म्हणतो. हा आकडा लक्षात ठेवा, माझा घात त्याच्याच काठावर झाला.

रिवाइंडचा सरधोपट मार्ग म्हणजे दर फ्रेमला सगळ्या मेमरीची प्रत काढून ठेवायची. एक प्रत ४९,१५२ बाइटची, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १५ कोटी बाइट. आजच्या कॉम्प्युटरला ते पेलतं, पण मला ते बघवेना. त्यापेक्षा सेकंदाला एकच प्रत ठेवायची आणि मधल्या काळात कुठल्या क्षणी कुठली कळ दाबली एवढंच टिपायचं. मागे जायचं झालं की जवळची प्रत उचलायची, त्याच कळा त्याच क्षणी दाबत मशीन गुपचूप हव्या त्या फ्रेमपर्यंत पळवायचं. स्थिती तीच, कळा त्याच, तर निकालही तोच यायला हवा. मिनिटाला तीस लाख बाइटच्या आत काम भागतं.

तो निकाल तसा आला नाही. मूळ खेळात शत्रू डावीकडून आला होता, रिवाइंड केल्यावर उजवीकडून आला!

आता ‘स्थिती’ म्हणजे नेमकं काय काय? मेमरी आणि रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे, हे झालंच. अक्षरं लुकलुकवणारा फ्लॅश दर १६ फ्रेमला रंगांची अदलाबदल करतो, तेव्हा त्याची मोजणी जपावी लागते. ईआय ही इन्स्ट्रक्शन इंटरप्टला, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्याला, परवानगी देते, पण तिच्यानंतर पुढची एक इन्स्ट्रक्शन पार पडेपर्यंत इंटरप्ट घेतला जात नाही. प्रत नेमकी त्या फटीत काढली, तर तेही नोंदवायला हवं. शिवाय झेड-८०च्या पोटात एक छुपं रजिस्टर आहे, त्याला आम्ही मेमपीटीआर म्हणतो. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा पत्ता नाही, पण ‘बिट’ या इन्स्ट्रक्शनच्या एका प्रकारात त्याचे दोन बिट फ्लॅगमध्ये, म्हणजे निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, डोकावतात. हे सगळं मी सांभाळलं होतं, तरी शत्रू उजवीकडून येत होता.

मग दोन मशीन शेजारी शेजारी चालवली, एक मूळ, एक रिवाइंड केलेलं, आणि दर इन्स्ट्रक्शनला रजिस्टर ताडून बघितली. पहिला फरक सापडला ‘आर’ रजिस्टरमध्ये. इन्स्ट्रक्शन उचलली की त्याचे खालचे सात बिट पुढे सरकतात, म्हणून कितीतरी गेम त्यावरून यदृच्छ संख्या काढतात. मूळ मशीनपेक्षा माझं मशीन त्या फ्रेममध्ये एक इन्स्ट्रक्शन जास्त चालवत होतं.

कारण अगदी क्षुल्लक. फ्रेम संपते म्हणून इन्स्ट्रक्शन मध्येच थांबत नाही. समजा, ६९,८८६व्या ठोक्याला सात टी-स्टेटची इन्स्ट्रक्शन सुरू झाली, तर ती पाच ठोके पुढच्या फ्रेममध्ये सांडते. पुढच्या फ्रेमची मोजणी पाचपासून सुरू व्हायला हवी. प्रत परत भरताना मी ती शून्य करत होतो. पाच ठोक्यांची उधारी मी परस्पर माफ केली होती, आणि मशीनला ते कळलं.

फीचर जोडताना माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे: मशीनला कळता कामा नये. मशीनची स्थिती साठवणाऱ्या जुन्या ४८के एसएनए फाइलचं बघा. तिच्यात प्रोग्राम काउंटरला, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते सांगणाऱ्या रजिस्टरला, जागाच नाही, म्हणून तो स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर, ढकलून साठवतात. त्यात स्टॅकखालचे दोन बाइट पुसले जातात, आणि एखाद्या गेमनं तिथे काही ठेवलं असलं तर तो बिघडतो.

स्पेक्ट्रमचे गेम कॅसेटच्या टेपवरून मेमरीत लोड होतात. ती कॅसेट झटपट लोड करण्याचंही तेच. रॉममधल्या, म्हणजे मशीनच्या कायमस्वरूपी मेमरीतल्या, लोडिंगच्या रुटीनवर पाळत ठेवायची आणि प्रोसेसर तिथे पोचला की अख्खा ब्लॉक थेट मेमरीत ओतायचा, ही जुनी युक्ती. पण पुष्कळ गेम स्वतःचा लोडर घेऊन येतात, रॉमकडे फिरकतच नाहीत. आपण आपले दारात उभे, पाहुणा मागच्या दारानं आत! मी ती युक्ती काढून टाकली. आता टेप चालू झाली की सगळं मशीनच जमेल तितकं वेगानं पळवतो. टेपवर शून्य या बिटच्या दोन पल्स प्रत्येकी ८५५ टी-स्टेटच्या, एक या बिटच्या दोन प्रत्येकी १७१०च्या. हे नातं अबाधित राहतं, मग लोडर कुणाचाही असो. युक्तीइतकं झटपट होत नाही, हे कबूल. खोटं बोलण्यापेक्षा घाई करणं मला परवडतं.

एक गाठ मात्र बरेच दिवस सुटत नव्हती. वापरणाऱ्यानं स्पेक्ट्रममध्ये ‘सेव्ह’ केलं, फाइल खऱ्या डिस्कवर लिहिली गेली, आणि मग तो सेव्हच्याही मागे गेला. मशीनच्या लेखी सेव्ह झालेलंच नाही, पण फाइल तर डिस्कवर बसलेली. पुसावी, तर माणसाचं काम जाईल. ठेवावी, तर मशीनला अजून न घडलेली टेप वाचायला मिळेल. शेवटी मी सेव्ह केलेलं सगळं मूळ टेपवर एका वेगळ्या थरात ठेवायला लागलो. तो थर मशीनबरोबर मागेपुढे जातो, आणि मेनूतलं ‘टेप फाइलमध्ये उतरवा’ दाबेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. ते न दाबता कुणी खिडकी बंद करायला गेलं, तर एम्युलेटर आधी विचारतो. तेवढा एक प्रश्न माणसाला. मशीनला त्याचीही खबर नसते.